यमुना राजेंद्र नगरला राहते

फेब्रुवारीत धायगुडे मंडळी इंदुरातल्याच अन्नपूर्णेकडची जुनी भाड्याची जागा सोडून राजेंद्र नगरला राहायला आली. घरमालकांना ते घर विकायचं होतं, म्हणून सोडावं लागलं. नवं घर खालच्या मजल्यावरचं, पुढे छोटा ओटा, ओट्याशी कढीपत्त्याचं झाड. माणसं चार. जयेश पीथमपूरला खोके बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. सकाळी कंपनीच्या बसने जायचा, अंधार पडता पडता परत यायचा. त्याची आई इंदुमतीबाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार, पण घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मुलगी सुरभी सहावीत. आणि जयेशची बायको यमुना, पस्तिशी ओलांडलेली, उंच, सावळी, कमी बोलणारी.

यमुना ब्लाउज शिवायची. अन्नपूर्णेला तिचा हात बायकांना माहीत होता, इथेही महिन्याभरात माहीत झाला. समोरच्या विनीता सरमंडल आधी एक साधा ब्लाउज टाकून बघायला आल्या. तो अंगात नीट बसला तसे त्यांनी भाचीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज आणून दिले आणि ओळखीच्या आणखी दोघींना घेऊन आल्या. मापं देता देता बायका चौकशी करतातच. माहेर कुठलं, असं कोणी विचारलं की यमुना टेप गळ्यात टाकून आतल्या दाराकडे बघायची आणि आतून इंदुमतीबाईंचा आवाज यायचा, "सांगलीकडचं. आता कोणी राहिलं नाही तिथे."

खरं म्हणजे यमुनाचं माहेर कराचीला होतं, आणि तिथे तिची आई होती.

कराचीत मराठी माणसं आहेत हे इंदुरात पुष्कळांना ठाऊक नसतं. यमुनाचे पणजोबा कोकणातून तिथल्या गोदीत कामाला गेले आणि तिथलेच झाले. फाळणीत निम्मं कुटुंब इकडे आलं, निम्मं राहिलं. जे राहिले ते काही फार विचार करून राहिले नव्हते. नोकरी होती, दोन खोल्या होत्या, म्हातारी माणसं हलायला तयार नव्हती. घरात मराठी, बाहेर उर्दू, चैत्रात गौर, भाद्रपदात गणपती, असं त्यांचं चाललं. यमुनाचे वडील दिनानाथ एका मालाच्या गोदामात हिशेबनीस होते. मुलीला त्यांनी बी. कॉम. पर्यंत शिकवलं.

दिनानाथांची एक आत्या फाळणीत इंदूरला आली होती. तिच्या नातवाच्या लग्नाला दिनानाथ मुलीला घेऊन आले, तेव्हा पंगतीची व्यवस्था बघणारा एक मुलगा यमुनाशी बोलला. तो जयेश. होळकरांच्या फौजेत पणजोबा शिपाई होते असं सांगणारं त्याचं घराणं. आता फौज नाही, घोडे नाहीत, नोकऱ्या आहेत. यमुनाने त्याला "सालन संपलं का?" असं विचारलं आणि त्याला कळेना की ही मुलगी भाजीला सालन का म्हणते. वर्षभर फोनवर बोलणं झालं. मग इंदुमतीबाईंनी खूप कटकट करून, रुसून, शेवटी होकार दिला. अट एकच घातली. सून कुठली हे बाहेर कोणाला सांगायचं नाही.

यमुना अटारीची सरहद्द पायी ओलांडून लग्नाला आली. पासपोर्टवर तिचं नाव 'जमना' असं होतं, कारण तिथल्या क्लार्कला यमुना ऐकू आलं नव्हतं. इथे आल्या दिवसापासून तिची नोंदणी सुरू झाली. शहरात परदेशी माणसांची नोंद होते त्या ऑफिसात जायचं, फोटो, लग्नाचा दाखला, घराचा कागद, नवऱ्याचं हमीपत्र द्यायचं, मग पोलीस थान्यातून माणूस येऊन पत्ता बघून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन जायचा, मग लाँग टर्म व्हिसा मिळायचा. मुदत संपत आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. शहराबाहेर जायचं तर आधी अर्ज. जयेशच्या चुलत्यांची शेती गौतमपुऱ्याला होती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पेटती हिंगोट फळं एकमेकांवर फेकायचा खेळ बघायला सगळं घर तिकडे जायचं, आणि यमुना मागे राहायची. तिला धूळ सोसत नाही, असं इंदुमतीबाई नातेवाइकांना सांगत. खरं कारण इतकंच की एका रात्रीसाठी अर्ज करायचा आणि तो कुठल्या टेबलावर आहे हे विचारत फिरायचं, याचा जयेशला कंटाळा यायचा.

सुरभी तीन वर्षांची असताना दिनानाथ वारले. यमुनाला जायचं होतं. पण जायचं तर परत येण्याचा परवाना आधी काढावा लागतो, आणि तो हातात येईपर्यंत तेराव्याचे दिवसही होऊन गेले. मग ती गेली नाही. त्या दिवसांत घरात कोणी तिला रडू नको म्हटलं नाही, पण इंदुमतीबाईंनी खिडक्या मात्र लावून घेतल्या, कारण शेजाऱ्यांनी विचारलं असतं.

अन्नपूर्णेला हे सगळं निभावलं. घरमालक जुने, त्यांना सगळं माहीत होतं आणि ते बोलत नसत. समोरचा किराणावाला दर वेळी दुसरा साक्षीदार म्हणून सही करायचा. थान्यातले लोक ओळखीचे झाले होते. राजेंद्र नगरला आल्यावर हे सगळं नव्याने करायचं होतं. जयेशने पत्ता बदलल्याचा अर्ज वेळेवर दिला, पण थान्यातून साक्षीदारांसाठी फोन आला तेव्हा तो म्हणाला, जरा बसू द्या आम्हाला. इंदुमतीबाईंचंही तेच म्हणणं. आधी लोक आपल्याला ओळखू देत, मग बघू. असा मार्च गेला.

एप्रिलमध्ये काश्मीरात फिरायला गेलेल्या माणसांना मारलं. त्या संध्याकाळी धायगुड्यांच्या घरातही इतर घरांसारखंच झालं, कोणी नीट जेवलं नाही. दोनच दिवसांत बातमी आली की पाकिस्तानच्या नागरिकांचे व्हिसा रद्द, त्यांनी परत जावं. लाँग टर्म व्हिसावाल्यांना त्यातून सूट होती. जयेशने ते वाक्य मोबाइलवर यमुनाला पुन्हा पुन्हा दाखवलं. ती मान हलवायची आणि टीव्हीकडे बघायची. टीव्हीवर अटारीचं फाटक होतं. बुरखा घेतलेल्या, साड्या नेसलेल्या बायका लेकरांना इकडे ठेवून तिकडे जात होत्या. इंदुमतीबाईंनी आवाज बंद केला, पण टीव्ही बंद केला नाही.

तिसऱ्या दिवशी नोंदणीच्या ऑफिसातून फोन आला. बोलणाऱ्या मॅडम सभ्य होत्या. त्यांनी सांगितलं की सूट आहे, घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येक फाइल उघडून तपासली जातेय आणि यमुनाच्या फाइलीत नव्या थान्याचा रिपोर्टच नाही. "जमना जी, कागज पर आप अभी कहीं नहीं रहतीं," त्या म्हणाल्या. "पुराना पता आपने छोड़ दिया, नया लगा नहीं. जितना जल्दी हो सके, करवा लीजिए."

यमुनाने फोन ठेवला आणि तशीच मशीनवर जाऊन बसली. पायडलवर पाय ठेवला, पण हलवला नाही.

त्याच दिवशी दुपारी त्या भागाच्या बीटचे पोलीस शिपाई उदयसिंह आले. निवृत्तीला टेकलेले, मिश्या पांढऱ्या, बोलणं माळवी वळणाचं. त्यांनी मोटरसायकल बरोबर फाटकासमोर लावली, तेव्हा इंदुमतीबाईंचा चेहरा पडला. समोरच्या गॅलरीत विनीता सरमंडल कपडे वाळत घालत होत्या. उदयसिंह ओट्यावर बसून पाणी प्यायले. घर बघितलं, सुरभीची शाळा विचारली, यमुनाचा फोटो कागदावरच्या फोटोशी ताडून पाहिला. मग त्यांनी सांगितलं की गल्लीतले दोन गवाह लागतील, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन. जयेश कामावर होता. इंदुमतीबाईंनी विचारलं, गवाहांना सगळं सांगावं लागतं का.

"कागद पे लिखा है, माँजी," उदयसिंह म्हणाले. "दस्तखत करेगा तो पढ़ेगा भी."

जाताना त्यांनी यमुनाला एवढंच सांगितलं की तिकडे फोन करणं थोडे दिवस कमी ठेवा. धमकी म्हणून नाही. घरातलं माणूस सांगतं तसं. यमुना आईला दर रविवारी फोन करायची. तो रविवार तिने सोडला.

संध्याकाळी जयेशने ठरवलं की शेजारच्या गजाननराव तारे यांच्याकडे जायचं. गजाननराव रेल्वेतून निवृत्त झालेले, गल्लीतल्या गणपतीचे खजिनदार, सगळ्यांच्या उपयोगी पडणारे. जयेशने त्यांना फाटकावरच गाठून सांगितलं, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनसाठी पत्त्याला साक्ष पाहिजे. ते लगेच हो म्हणाले. सकाळी वहिनींना पाठवा, आधारची झेरॉक्स काढून ठेवतो. जयेश घरी येऊन हे सांगायला लागला तेव्हा तो खूश दिसत होता. यमुना म्हणाली, "तू त्यांना पूर्ण सांगितलं नाहीस."

"पासपोर्ट आहेच ना त्यात. खोटं काय बोललो?"

"कोणाचा पासपोर्ट, ते."

जयेश म्हणाला, "यार, सही होऊ दे ना एकदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावर यमुना कागद घेऊन ताऱ्यांकडे गेली. गजाननरावांनी तिला बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. पेन खिशातच होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, चष्मा लावला आणि आयुष्यभराच्या सवयीने कागद वरपासून वाचायला घेतला. नाव वाचलं, वय वाचलं. पुढच्या ओळीवर थांबले. पुन्हा वाचली. मग पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं.

चहा आला. कोणी कप उचलला नाही.

"माझा मुलगा सरकारी नोकरीत आहे," गजाननराव हळू आवाजात म्हणाले. "उद्या कोणी विचारलं, तर मी काय सांगू? मी तुम्हाला ओळखतो कुठे?"

"मी इथे राहते, एवढंच लिहायचंय, काका."

"ते खरं आहे. पण दिवस कसे आहेत बघा. तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं."

"आधी सांगितलं असतं तर सही केली असती?"

गजाननरावांनी पेन पुन्हा खिशात घातलं. ते वाईट माणूस नव्हते, आणि खोटं हो म्हणणं त्यांना जमलं नाही. यमुनाने कागद उचलला, ताऱ्यांच्या बायकोला येते म्हणाली आणि निघाली. दारापर्यंत पोचवायला कोणी आलं नाही.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं. कोणी सांगितलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. सुरभी खेळायला गेली होती ती लवकर परत आली, चप्पल काढून सरळ आईपाशी येऊन उभी राहिली. आजोळ कराचीला आहे हे तिला माहीत होतं, फोनवर ती आजीशी बोलायची. पण कोणी विचारलं तर सांगली सांगायचं, हे ती बोलायला लागल्यापासून शिकली होती.

"मम्मी, तुला पण तिकडे पाठवतील?"

"नाही."

"मग टीव्हीवरच्या आंटींना का पाठवलं?"

यमुनाने मुलीचे केस मागे सारले. सुरभीने विचारलं, "मी अजून सांगलीच सांगू ना?"

इंदुमतीबाई पलंगावर बसून हरभरे निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं होतं. यमुनाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान वर केली नाही.

"नको सांगू," यमुना म्हणाली. "विचारलं तर कराची सांग. नाही विचारलं तर काहीच सांगू नकोस."

इंदुमतीबाई पुन्हा हरभरे निवडायला लागल्या. पण संध्याकाळी जयेश आल्यावर त्यांचा त्याच्याशी मोठा वाद झाला. तू आणलीस, तू निस्तर, असंही त्या बोलून गेल्या. यमुना आत पोळ्या करत होती, तिला सगळं ऐकू आलं. त्यांनाही कळलं की तिला ऐकू आलं. जेवताना इंदुमतीबाईंनी तिच्या पानात पहिली पोळी वाढली, जे त्या कधी करत नसत.

अक्षय्य तृतीयेला चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठरलेलं होतं, गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना बोलावणं गेलं होतं. जयेश म्हणाला रद्द करू. इंदुमतीबाई म्हणाल्या, रद्द केलं तर त्याचा अर्थ काय होतो ते तुला कळत नाही. तेव्हा गौर मांडली. पितळेच्या पाळण्यात देवी, पुढे कलिंगडाची कमळं, मोगऱ्याच्या माळा. यमुनाने कैरीची डाळ केली, पन्हं केलं, ओटीसाठी हरभरे भिजवले. तिच्या आईकडेही गौर अशीच असायची, फक्त मोगरा तिथे कुंपणावरचा असायचा. दुपारभर दार उघडं ठेवून दोघी सासूसुना नव्या साड्या नेसून बसल्या. मागच्या गल्लीतल्या दोघी म्हाताऱ्या आल्या; त्यांच्यापर्यंत बातमी पोचली नसावी. एक तरुण बाई दारातूनच कुंकू लावून घेऊन गेली. ताऱ्यांकडून कोणी आलं नाही. विनीता सरमंडल आल्या नाहीत, त्यांची कामवाली आली. बाईसाहेबांनी न शिवलेले ब्लाउजपीस परत मागितलेत, म्हणाली.

यमुनाने कपाट उघडून एकेक पीस काढला, अस्तरासकट घडी करून पिशवीत भरला. एक कापून झालेला होता, बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. तेवढा तिने ठेवून घेतला आणि उद्या शिवून देते असा निरोप दिला. कामवालीला तिने डाळीचा द्रोण दिला, कुंकू लावलं. ती खाऊन गेली.

डाळ खूप उरली. झाकून ठेवायला मोठं भांडं सापडेना, तेव्हा इंदुमतीबाई एकदम रडायला लागल्या. पाहुण्यांसाठी केलेलं असं कधी उरलं नव्हतं आमच्याकडे, एवढंच म्हणत राहिल्या.

दिवेलागणीला वरच्या मजल्यावरची शिखा आली. ही बँकेत होती, हिंदी घरातली, नवरा रायपूरला बदलीवर. तिची आणि यमुनाची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरतीच. हळदीकुंकवाला बोलावलं होतं म्हणून ती बँकेतून सरळ आली होती, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. तिने पन्हं घेतलं, गौरीला नमस्कार केला. मग इकडे तिकडे न करता विचारलं, "भाभी, वो गवाह वाला साइन हो गया?"

यमुना नाही म्हणाली. शिखा म्हणाली, आणा, मी करते. तिने कागद पूर्ण वाचला, उभ्या उभ्याच स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून सही केली आणि आधारची झेरॉक्स पर्समधून काढून दिली. यमुनाला बोलायचं होतं, पण शिखाने हात वर केला.

"दिन भर लोगों का पता ही तो देखती हूँ. आप यहाँ रहती हो, मैं रोज़ देखती हूँ. बस एक बात है. मेरे ससुराल में पता न चले."

यमुनाने हो म्हटलं. शिखा वर गेल्यावर तिला जाणवलं की आता गल्लीत आणखी एक बाई तिच्यासाठी काहीतरी लपवणार आहे.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह आले. एकच सही आहे म्हटल्यावर त्यांनी डोकं खाजवलं. वरून रिपोर्टची विचारणा होत होती. ते म्हणाले, समोर विचारतो. यमुना म्हणाली, मीही येते. तिने बाह्या लावलेला ब्लाउज इस्त्री करून घडी केला आणि घेऊन निघाली. इंदुमतीबाई नको म्हणाल्या नाहीत.

विनीता सरमंडल फाटकाशी आल्या. त्यांनी फाटक उघडलं नाही. यमुनाने ब्लाउज पुढे केला, तो त्यांनी वरून घेतला. त्यांनी तो उलगडून पाहिला, शिवण बोटाने चाचपली. ती सवयीची गोष्ट होती, त्यात अपमान नव्हता.

उदयसिंहांनी काम सांगितलं. विनीताबाईंनी यमुनाकडे न बघता त्यांना विचारलं, मी सही केली तर काय, मी जबाबदार का हिच्यासाठी.

"ना ना," उदयसिंह म्हणाले. "कैसी है, कौन है, वो हम देखेंगे. आपसे इतना ही पूछ रिया हूँ कि ये सामने वाले घर में रहती है या नहीं रहती."

विनीताबाईंनी पहिल्यांदाच यमुनाकडे पाहिलं. "सांगली कशाला सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "मी ओळखीच्या बायका तुमच्याकडे घेऊन आले. माझ्या भाचीची मापं तुमच्याकडे आहेत."

"सासूबाईंना भीती वाटायची," यमुना म्हणाली. "मलाही वाटायची."

"आणि आता?"

"आताही वाटते."

विनीताबाईंनी हात पुढे केला. फाटकाच्या गजावर कागद टेकवून त्यांनी सही केली, कुठे करायची ते उदयसिंहांनी बोट ठेवून दाखवलं. "राहते तर आहेच," त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. आधारची झेरॉक्स मुलाच्या हाताने पाठवते म्हणाल्या आणि आत गेल्या. झेरॉक्स तासाभरात आली. तिच्यावर त्यांनी आडव्या रेघा मारून 'फक्त पत्त्यासाठी' असं लिहिलं होतं.

रिपोर्ट गेला. जयेश सुट्टी काढून यमुनाला नोंदणीच्या ऑफिसात घेऊन गेला. बाकांवर गर्दी होती, बहुतेक सिंधी कुटुंबं, म्हातारी माणसं फायली छातीशी धरून. एका आजीने यमुनाला सिंधीत काही विचारलं, तिने मोडक्या सिंधीत उत्तर दिलं, आणि कराचीतल्या कुठल्या भागातली ते दोघींनी एकमेकींना सांगितलं. जयेश बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने तिला सिंधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मॅडमनी फाइल पाहिली, नव्या पत्त्याची नोंद केली, व्हिसाची मुदत वाढवण्याचं पुढे पाठवलं. काही आठवड्यांनी ते मंजूरही झालं. त्याच भेटीत त्यांनी स्वतःहून विचारलं की नागरिकत्वासाठी अर्ज का करत नाही, वर्षं तर कधीच पूर्ण झालीत. जयेश म्हणाला, तेच करायचंय. मॅडमनी समजावलं: तिकडचं नागरिकत्व सोडल्याचा कागद लागेल, पासपोर्ट जमा करावा लागेल. मग हे थाना, गवाह, दर वेळचं येणं सगळं संपेल. यमुनाने विचारलं, आणि आईला भेटायला जायचं झालं तर?

मॅडमनी फाइल मिटली. "फिर आप उनके लिए विदेशी होंगी," त्या म्हणाल्या. "उनका वीज़ा लगेगा. मिले, न मिले."

त्या रविवारी यमुनाने आईला फोन लावला. आईने तीन रविवार का फोन नाही हे विचारलं नाही. तिथेही टीव्ही होता. सुरभीची परीक्षा कशी गेली, इंदुमतीबाईंचे गुडघे कसे आहेत, हे विचारून झालं. मग यमुनाने मॅडमचं बोलणं सांगितलं. आईच्या मागे रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता.

"कर सही," आई म्हणाली. "मी आहे तोवर तुला इकडचं वाटतं. मी गेल्यावर कोणासाठी ठेवशील तो पासपोर्ट?"

यमुनाने रक्तदाबाची गोळी घेतली का ते विचारलं. घेतली, आई म्हणाली.

पाऊस सुरू झाला, शाळा उघडल्या. ब्लाउजचं काम थोडंफार परत आलं, बहुतेक शिखाच्या बँकेतल्या बायकांचं. विनीता सरमंडल समोरून जाताना मान हलवतात, येत नाहीत. गजाननराव जयेशशी पूर्वीसारखे बोलतात, यमुना दिसली की चपलेचा पट्टा नीट करायला वाकतात. इंदुमतीबाईंनी एकदा तिला मध्येच विचारलं की तुझ्या आईकडे वाटली डाळ आपल्यासारखीच करतात का. यमुनाने सांगितलं की तिथे कैरी जास्त घालतात. त्यांनी पुढेही विचारलं, आई एकटीच असते का, बाजार कोण करून देतं. लग्न होऊन तेरा वर्षं झाल्यावर त्या हे विचारत होत्या, आणि यमुना शिवण हातात धरून बराच वेळ सांगत बसली.

नागरिकत्वाचा अर्ज जयेशने आणून ठेवला आहे. पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपते. तिकडचं नागरिकत्व सोडायला दिल्लीच्या वकिलातीत जायचं तर त्याचीही परवानगी काढावी लागेल, म्हणून तो अधूनमधून विचारतो, कधी करायचं. गणपती होऊ दे, यमुना म्हणाली. गणपती झाले. मग सुरभीची सहामाही होऊ दे, म्हणाली. तो रागावत नाही, पण त्याला कळतही नाही. सही एकदाच करायची आहे, हे तो तिला सांगतो. ते तिला माहीत आहे.